थोरल्या डॉक्टरांनी समक्ष हजर राहावे

खुलासा, मसुदा पहिला

आपले पत्र मिळाले. आमच्या दवाखान्यात दर रुग्णामागे औषधांचा खर्च आसपासच्या चौदा दवाखान्यांपेक्षा जास्त का, असे आपण विचारले आहे. तसेच ज्यांच्या नावे सर्वांत जास्त खर्च पडतो त्या थोरल्या डॉक्टरांनी वीस तारखेला सकाळी अकरा वाजता आपल्या कार्यालयात समक्ष हजर राहून खुलासा करावा, असे कळवले आहे.

ते हजर राहू शकत नाहीत. त्यांना जाऊन चार वर्षे झाली.

इथे थांबले. हे एवढंच पाठवलं तर पुढचं पत्र काय येणार ते मला आत्ताच दिसतंय. मग गेली चार वर्षं एकशे सत्त्याऐंशी लोकांना त्यांच्या नावानं औषधं कोण लिहून देतंय? त्याचं खरं उत्तर आहे: मी.

मी डॉक्टर नाही. मी खिडकीत बसते. नाव, जन्मतारीख, फाइल, नंबर. शिवाय ज्यांची औषधं महिनोन्‌महिने तीच असतात त्यांची चिठ्ठी छापून हातात देणं. औषधाचे पैसे पेशंटला पडत नाहीत, ते हे पत्र पाठवणारं कार्यालय भरतं. म्हणून पेशंटही विचारत नाही की अमुक गोळी कशासाठी. एकोणीस वर्षं हे चाललंय. लोक मला तोंडावर मावशी म्हणतात आणि मागे खिडकी. "आज खिडकी तापलीय, उद्या येऊ," हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय.

कॉम्प्युटरवर एक बटण आहे, "मागीलप्रमाणे". ते दाबलं की गेल्या महिन्यातलं सगळं या महिन्यात येतं, ज्यानं औषध सुरू केलं त्याच्या नावाखाली. थोरल्यांचा पासवर्ड मला पाठ, कारण त्यांना तो कधीच आठवत नसे. खोलीतून आवाज द्यायचे, "बाई, मला आत घ्या." मी घ्यायची. ते गेले, पण त्यांना आत घ्यायचं काम काही सुटलं नाही. त्यांचा नंबर बंद करायचा अर्ज माझ्या खणात आहे. त्याच्यासोबत यादी जोडायची असते, कुठला पेशंट त्यांच्या डॉक्टर मुलीकडे आणि कुठला डॉक्टर मुलाकडे. ती यादी काही होत नाही.

मसुदा फाडला.


खुलासा, मसुदा दुसरा

आमच्याकडे दोन डॉक्टर आहेत, थोरल्यांची मुलगी आणि मुलगा. सोमवार, बुधवार, शुक्रवार मॅडम. मंगळवार, गुरुवार, शनिवार सर. खोली एक, टेबल एक, खुर्ची एक. दोघांची उंची वेगळी, त्यामुळे खुर्ची रोज वर-खाली होते. ती करतानाचा चिडलेला आवाज मला बाहेर ऐकू येतो. तेवढाच त्यांचा एकमेकांशी संवाद.

नऊ वर्षांपूर्वी मॅडमनी एका माणसाला झोपेची गोळी सुरू केली. सरांनी बंद केली. तो माणूस बस चालवायचा, सरांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. दुसऱ्या दिवशी मॅडमनी पुन्हा सुरू केली. तिसऱ्या दिवशी सरांनी पुन्हा बंद केली. तो बिचारा दोन आठवडे एक दिवसाआड झोपला. मग एका दुपारी बहीण-भावात अशी जुंपली की बाहेर बसलेल्या लोकांनी मासिकं खाली ठेवली. तेव्हा थोरले हयात होते. त्यांनी एका कागदावर लिहिलं, "ज्याने सुरू केले त्यानेच बंद करावे," आणि तो औषधांच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला.

घरात शांतता झाली. दवाखान्याचं काय झालं ते आपल्या पत्रातल्या आकड्यांत आहे. नवीन औषध कुणीही सुरू करू शकतं. बंद करायचं तर ज्याचं त्याला गाठावं लागतं. पेशंट ज्या दिवशी त्याला सवड असेल त्या दिवशी येतो. समोर जो डॉक्टर असेल तो यादी बघतो आणि स्वतःचंच तेवढं बघतो. म्हणजे आमच्याकडे औषधाला आत यायला दार आहे, बाहेर जायला नाही. आणि ज्यानं सुरू केलं तोच वारला तर? तसं नियमात काही लिहिलेलं नाही. लिहिणाऱ्याला ते सुचलं नाही. माणूस स्वतःला वगळूनच नियम करतो.

हेही पाठवता येणार नाही. सख्ख्या भावंडांचं भांडण कार्यालयाच्या शिक्क्याखाली फायलीला लागायचं.


खुलासा, मसुदा तिसरा, हा माझ्यासाठीच

पत्राच्या दुसऱ्या पानावर एका गोळीभोवती लाल गोल काढलाय. लघवी आवरून धरणारी गोळी. आमच्याकडची सगळ्यांत महाग. एक्केचाळीस जण घेतात. त्यांत माझी सख्खी थोरली बहीण आहे. आम्ही दोघी एकत्र राहतो.

सहा वर्षांपूर्वी थोरल्यांनी ताईला रक्तदाबाची गोळी दिली. जुनी, स्वस्त, चांगली. रक्तदाब उतरला, पण घोटे सुजले. ताई दाखवायला गेली तो शुक्रवार होता, म्हणून मॅडमनी अंगातलं पाणी काढणारी गोळी दिली. सूज उतरली, पण दर वीस मिनिटांनी लघवीला जावं लागायला लागलं. ते सांगायला गेली तो गुरुवार होता, म्हणून सरांनी लघवी आवरणारी दिली. हीच ती लाल गोलातली. मग तोंड सुकायला लागलं, डोकं गरगरायला लागलं. तो सोमवार होता. मॅडमनी चक्कर थांबवायची गोळी दिली.

एक गोळी पाणी काढते, दुसरी पाणी अडवते, दोन्हींचे पैसे आपले कार्यालय भरते, आणि मध्ये माझी बहीण उभी.

उभी तरी कुठे. गेल्या मंगळवारी सकाळी बाथरूममधून धप्प आवाज आला. बेसिनच्या कडेला डोळ्याखाली लागलं, उजवं मनगट मोडलं. मोठ्या दवाखान्यात प्लास्टर घातलं. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी तिची यादी पलंगावर पसरून वाचली.

"हे सगळं एकाच ठिकाणाहून दिलंय?"

"हो," मी म्हटलं.

"तिथले डॉक्टर एकमेकांशी बोलत नाहीत का?"

"कामापुरतं बोलतात."

"मग हे काय आहे? काम नाही?"

त्या म्हणाल्या, रक्तदाबाची ती पहिली गोळी बदलून दुसऱ्या जातीची द्यायला हवी, म्हणजे बाकीच्या एकेक करून सोडवता येतील. आणि लवकर, कारण पुढच्या वेळी मनगटावर भागणार नाही, खुबा मोडेल. सत्तरी उलटलेल्या बाईचा खुबा मोडला की ती अंथरुणातून पुन्हा उठेल याचा भरवसा नसतो.

"तुम्हीच बदलून द्या ना मग."

"मी कशी बदलू? मी सुरू केलेली नाही."

मला क्षणभर वाटलं, त्यांच्याही कपाटात तो कागद चिकटवलेला असणार.


ताई

ताई वजनमापं तपासणाऱ्या खात्यात होती. दुकानदाराचा तराजू दोन ग्रॅमनं खोटा असला तरी जप्त करून आणायची. अशी बाई गोळ्यांच्या बाबतीत मात्र अगदी भाबडी.

"थोरल्यांची गोळी बंद करायची नाही," ती म्हणाली. "मरणातून काढलंय त्यांनी मला."

"सर्दीतून काढलंय."

"छातीत कफ होता."

"सर्दीच होती ती, ताई. मीच चिठ्ठी छापली होती."

"तू काय, खिडकीत बसतेस. तुला आतलं काय कळतं?"

"तुझी यादी कळते. चार गोळ्या आहेत, त्यातल्या तीन पहिलीचं निस्तरायला दिलेल्या आहेत."

"बदलायची असती तर थोरल्यांनीच बदलली असती."

"कधी बदलतील, सांग बरं. कुठल्या वारी असतात आता ते?"

यावर ती भिंतीकडे तोंड करून झोपली. लहानपणापासून वाद हरली की तिला झोप येते.


बुधवार, मॅडम

पेशंट संपल्यावर मी ताईची फाइल त्यांच्यापुढे ठेवली आणि तरुण डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते सांगितलं. मॅडमनी सगळं लक्ष देऊन ऐकलं. मॅडम वाईट नाहीत. तीच तर पंचाईत आहे, वाईट कुणीच नाही.

"पाण्याची गोळी माझी. ती मी आत्ता काढू शकते, मावशी. पण मग सूज परत येईल. सूज बाबांच्या गोळीमुळे आहे."

"मग ती बदला."

"ती बाबांची आहे."

"मॅडम, बाबा नाहीत."

"म्हणूनच तर. असते तर भांडून बदलायला लावली असती." त्यांनी पेनाचं टोपण काढलं, परत लावलं. "मी काढली की हा म्हणणार, बाबांच्या नावाची दारावरची पाटी उतरवलीस, आता त्यांची औषधंही पुसतेस. तुम्ही त्याच्या कानावर घाला ना."

"तुमचा भाऊ आहे. तुम्ही फोन करा."

"करते. शनिवारपर्यंत करते."

शनिवारपर्यंत ताई दिवसाला किमान आठ वेळा त्या बाथरूममध्ये जाणार होती. मी गुणाकार केला.


गुरुवार, सर

"आधी तिनं तिची पाण्याची गोळी काढावी," सर म्हणाले. "ती काढली की माझी लघवीची आपोआप निघते. पण आधी माझी काढली तर तुमच्या ताईंना बाथरूममध्येच खुर्ची टाकून बसावं लागेल. आणि मला एक सांगा, हिनं चक्करची गोळी दिलीच का?"

"तुमच्या गोळीनं चक्कर यायला लागली म्हणून."

"हे ती म्हणते."

"ती नाही म्हणत, सर. खोक्यात घडी घालून कागद असतो ना, त्याच्यावर छापलंय. मी वाचला."

"तो कागद कुणी वाचत नाही, मावशी."

"ते दिसतंच आहे."

सर हसले. त्यांचं हसू अगदी थोरल्यांसारखं आहे, त्यामुळे त्यांच्यावर धड चिडताही येत नाही. मग मी मुद्द्यावर आले. थोरल्यांची गोळी बदला, आत्ता, माझ्यासमोर.

"नियम बाबांचा आहे," ते म्हणाले. "तो मी मोडला तर उद्या ती माझ्या पन्नास गोळ्या मोडेल."

"मोडू देत की. त्यातल्या तीस नको असतील."

"आणि तिच्या?"

"तिच्या पस्तीस."

हे त्यांना आवडलं, कारण पस्तीस जास्त होते. पण फाइल त्यांनी अलगद माझ्याकडे सरकवली. म्हणाले, "मी बोलतो तिच्याशी. शनिवारी बघू."

दोघांचाही शनिवार. एकोणीस वर्षांत मी या खिडकीतून पुष्कळांना उद्या या म्हणून परत पाठवलंय. मला कुणी असं परत पाठवलं की नेमकं कसं वाटतं, ते त्या दिवशी कळलं.


शुक्रवार

महिन्याच्या चिठ्ठ्या शुक्रवारी छापायच्या आणि शनिवारी वाटायच्या. मी थोरल्यांच्या नावानं आत शिरले. पडद्यावर आलं: नमस्कार डॉक्टर, आपल्या १८७ रुग्णांच्या चिठ्ठ्या बाकी आहेत.

ताईचं नाव काढलं. गोळीच्या शेजारी फुली असते. ती दाबली की गोळी बंद. बोट तिथे नेलं. कुणाला कळलं नसतं. थोरल्यांनी सुरू केली, थोरल्यांनी बंद केली. कपाटातला नियमही पाळला गेला असता.

पण मग तिचा रक्तदाब कोण बघणार होतं? दुसरी कुठली गोळी द्यायची, किती द्यायची? मी खिडकीत बसते. औषधांची नावं पाठ असणं निराळं आणि औषध कळणं निराळं. ते कळतं असं वाटायला लागलं की माझ्यासारखी बाई एखाद्याचा जीव घेईल. आणि दुसरं असं की बाबांच्या आड लपणाऱ्या दोघांचा मला राग येत होता, तर तिसरी मी होऊ कशाला? होऊ कशाला म्हणजे, चार वर्षं होतेच.

बाहेर आले. एकही चिठ्ठी छापली नाही. मग कार्यालयाला कागद लिहिला, या वेळी खाडाखोड न करता:

"थोरले डॉक्टर चार वर्षांपूर्वी वारले. तेव्हापासून त्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या मी छापत आले. दोन्ही डॉक्टरांना हे माहीत होते. यापुढे मी छापणार नाही. त्यांच्या सर्व रुग्णांना डॉक्टरांनी स्वतः तपासावे लागेल."

खाली सही. माझी, पूर्ण नावानिशी. कागद पाठवला आणि त्याचा फोटो काढून दोघांना मोबाइलवर धाडला. वर एकच ओळ: उद्या सकाळी थोरल्यांचे पेशंट येतील, त्यांना द्यायला माझ्याकडे काही नाही.

दोघांनी वाचल्याच्या निळ्या खुणा एकाच मिनिटाला आल्या.


शनिवार

आठ वाजता रांग पायऱ्यांवरून खाली फुटपाथवर गेली होती.

"छापली नाही म्हणजे काय? बटण तर दाबायचं असतं."

"तेच दाबलं नाही, काका."

"माझी निळी गोळी आजच संपलीय."

"निळी कशाची आहे?"

काकांनी मागच्या बाईंना विचारलं, "तुमची निळी कशाची?" त्या म्हणाल्या, "माझी गुलाबी आहे." रांगेत हळूहळू गोळ्यांच्या रंगांची चर्चा सुरू झाली. कशासाठी घेतो हे पुढच्या अकरा जणांतल्या चौघांना माहीत होतं. एक म्हातारे तर म्हणाले, त्यांची गोळी बायकोची आहे. ती गेल्यावर बंद करायचं कुणी सांगितलं नाही, म्हणून तेच घेतात. मी कपाळाला हात लावला. हसावं की रडावं कळेना, तेवढ्यात रांग दुभंगली आणि सर आले. त्यांच्या मागे पाच मिनिटांनी, स्वतःचा वार नसताना, मॅडम आल्या.

"हे तुम्ही चांगलं नाही केलंत, मावशी," सर म्हणाले.

"नाही केलं."

"निदान आठवडाभर आधी सांगायचं," मॅडम म्हणाल्या.

"बुधवारी तुम्हाला सांगितलं. गुरुवारी यांना सांगितलं. शनिवार तुम्हीच दिलात, दोघांनी."

पहिला नंबर मी ताईचा लावला होता. होय, वशिल्यानं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. ती प्लास्टरचा हात पोटाशी धरून आत गेली आणि मी दार उघडं ठेवून दारातच उभी राहिले. खोलीत खुर्ची एकच. मॅडम टेबलाला टेकल्या, सर खिडकीपाशी. खुर्ची रिकामीच राहिली.

मॅडमनी ताईला आडवं करून रक्तदाब घेतला. एकशे बत्तीस. मग उभं केलं. ताई पलंगाची कड धरून उभी राहिली, आणि मी बघत होते, तिच्या ओठांचा रंग उतरला. मॅडमनी पट्टा फुगवला, सोडला, परत फुगवला.

"किती?" सरांनी विचारलं.

"तू घे."

सरांनी घेतला. ताईला खांद्याला धरून सावकाश बसवलं.

"चौऱ्याण्णव," ते म्हणाले.

"मला पण चौऱ्याण्णवच आलं."

"हे कधी घेतलं होतं आपण? उभं करून?"

"मी नाही घेतलं."

"मीही नाही."

बाहेरून काका विचारत होते की आत झोपलेत की काय सगळे.

"बाबांची गोळी मी बदलतेय," मॅडम म्हणाल्या. भावाकडे न बघता. "दुसरी देते, निम्म्या डोसनं. पाण्याची आजपासून एक दिवसाआड, दोन आठवड्यांनी बंद."

"माझी आज बंद," सर म्हणाले. "चक्करची ठेव आठवडाभर, मग काढ." मग म्हणाले, "पाटीबद्दल मी बोललो होतो ते..."

"ते नंतर. बाहेर रांग आहे."

ताई इतका वेळ दोघांकडे आळीपाळीनं बघत होती. "थोरल्यांचं चुकलं होतं का?" तिनं विचारलं. तराजू जप्त करताना दुकानदाराला विचारायची तसं.

"नाही," सर म्हणाले. "गोळी बरोबर होती. तुम्हाला सोसली नाही. पुढचं आम्ही बघायला हवं होतं."

"सहा वर्षं?"

"हो."

"दोघं मिळून?"

ताईला बाहेर आणलं. मी दार ओढून घेतलं आणि दुसरा नंबर पुकारला. त्या दिवशी साडेतीन वाजेपर्यंत त्यांनी सव्वीस पेशंट बघितले. आतून दोनदा मोठ्यानं आवाज आले, एकदा कुठल्याशा पोटाच्या गोळीवरून आणि एकदा खुर्चीवरून. अजून एकशे एकसष्ट बाकी आहेत. माझ्यावर जी काय चौकशी बसायची ती बसेल. कार्यालयाचं पत्र यायचंय.


त्यानंतर

पहिल्या आठवड्यात ताईनं मला सळो की पळो केलं. एक गोळी कमी झाली की तिला एक दुखणं वाढल्यासारखं वाटायचं. घोटे दिवसातून चारदा बोटानं दाबून बघायची आणि खड्डा पडत नाही म्हणून तक्रार करायची. दुसऱ्या आठवड्यात तोंडाची कोरड गेली, त्याबरोबर बोलणं वाढलं. दोन्ही डॉक्टरांबद्दल, माझ्याबद्दल, माझ्या खिडकीबद्दल.

आज सकाळी ती बाथरूमला निघाली. मी नेहमीप्रमाणे मागोमाग. भिंतीला हात न लावता गेली. दार लावलं. मी बाहेर उभी राहिले, कान देऊन. पाण्याचा आवाज, बादलीची कडी, मग काहीच नाही.

"ताई?"

"काय?"

"काही नाही."

"मग उभी काय राहिलीस? जा की कामाला. तिकडे लोक खोळंबले असतील."

मी अजून थोडा वेळ तिथेच उभी राहिले.